खेकड्याच्या गळ्याचं माप

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत मल्लाप्पांचं जनावरांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा, पितळी शेंब्या, रंगीत गोंडे, सगळं छताला टांगलेलं. उंच गिऱ्हाईक आत शिरलं की आधी त्याच्या डोक्याला लागून घंटा वाजते, मग मल्लाप्पा वर बघतात. वर बघून "या, बसा" म्हणतील, पाणी विचारतील, तर नाव नको. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"गळा किती हाय?"

बैल असो, म्हैस असो, शर्यतीचा खोंड असो, त्यांना आधी गळ्याचं माप लागतं. ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातात ते गाठी मारलेली सुतळी देतात आणि म्हणतात, "जावा, मोजून या." नव्या ट्रॅक्टरवाल्यांचीही यातून सुटका नाही. शोरूममधनं ट्रॅक्टर निघाला की गडी गोंडा न्यायला थेट इथं येतो, आणि ट्रॅक्टरला कुठला आलाय गळा म्हणून हसतो. मल्लाप्पा हसत नाहीत. "जिथं बांधल्यावर जनावर आपलं दिसतंय त्यो गळा," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालणारा अजून जन्माला यायचाय.

याच दुकानाच्या माडीवर त्यांची लेक दानेश्वरी गाड्या काढते. काढते म्हणजे चित्रं काढते, तीही असल्या गाड्यांची ज्या कुठल्याच रस्त्यावर नाहीत. कारण त्या रस्त्यासाठी नसतातच. एक बर्फावर पोटानं सरकणारी, एक वाळूत पोहणारी, एक राखेच्या डोंगरावर चढणारी. परदेशातल्या गेम कंपन्या तिच्याकडनं त्या करून घेतात, तिकडची पोरं पडद्यावर त्या चालवतात आणि हौसेनं फोडतात. पाव्हण्यारावळ्यात कुणी विचारलं, "लेक काय करती तुमची?" तर मल्लाप्पा म्हणायचे, "गाड्या काढती." पाव्हणा विचारणार, "व्हय? शोरूम कुठं हाय?" मल्लाप्पा माडीकडं बोट दाखवायचे आणि विषय बदलायचे.

"आप्पा, ही बघा नवी," म्हणत दानेश्वरी चित्र घेऊन खाली यायची. मल्लाप्पा कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, चित्र लांब धरायचे, जवळ धरायचे आणि म्हणायचे, "छान हाय." चष्मा परत कपाळावर. बस्स. गळा किती हाय, हे त्यांनी तिच्या एकाही गाडीबद्दल कधी विचारलं नाही. दारात आलेल्या मरतुकड्या रेडकाचं माप विचारतील, पण लेकीच्या गाडीचं न्हाय. दानेश्वरीला हे लागायचं. तोंडानं बोलायची नाही, पण लागायचं. आणि राग तरी कुणावर काढणार? जी गाडी कुठं उभीच नाही, तिला माणूस गोंडा बांधणार कसा?

अशात राजवर्धन उगवला.

राजवर्धन मंगळवार पेठेतला, दानेश्वरीच्या जुन्या ओळखीतला. मुंबईत दुसऱ्यांच्या मालिकांसाठी घाम गाळून आता स्वतःची मालिका घेऊन परतलेला. घंटा डोक्याला लागली तरी तो थांबला नाही, तडक माडीवर गेला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला. विज्ञानकथेची मालिका होती, मराठीत. ग्रहाचं नाव कर्दम. तिथं जमीन म्हणून नाहीच, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत नुसता चिखल.

"आणि हे शूटिंग कुठं करणार तू?" दानेश्वरीनं विचारलं.

"इथंच! पंचगंगेचा पूर ओसरला की आख्खा परग्रह आपल्या दारात येऊन पडतोय मर्दा, दरवर्षी. आपण आपलं गाळ काढत बसतोय. मला फक्त त्या गाळातनं चालणारी गाडी दे. पण चित्र नको. खरी गाडी. आपण बांधायची."

दानेश्वरीच्या हातातला चहा हातातच राहिला. आजवर तिला गाडीचं चित्र सगळ्यांनी मागितलं होतं, गाडी कुणी मागितली नव्हती.

तिची एक पद्धत होती. कुठलीही गाडी काढायची तर आधी तीन प्रश्न. ही जाणार कुठं? आत बसणार कोण? आणि ही अडकणार कुठं? तिसऱ्या प्रश्नावर तिचा फार जीव. जी गाडी कुठंच अडकत नाही ती खोटी असते, असं ती कुणालाही ठणकावून सांगायची. पडद्यावरची पोरंसुद्धा असल्या गाडीवर विश्वास ठेवत नाहीत, मग मोठी माणसं कशी ठेवतील?

कर्दमवरची गाडी कुठं अडकणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून तिनं सहा चाकं घेतली, परातीएवढी रुंद, आणि प्रत्येक चाकाला वेगळा पाय दिला. सपाटीला चाकं फिरणार. रुतली, की एकेक पाय उचलायचा, चाक चिखलातून उपसून वर काढायचं आणि पुढं ठेवायचं. गाळात फसलेला माणूस निघतो तसं. बसायची खोली बुटकी आणि रुंद, म्हणजे कलंडायला नको. धूर सोडायला पाठीवर दोन उघड्या नळ्या, शिंगांसारख्या वर वळलेल्या. आरसे मात्र दिले नाहीत. ज्या ग्रहावर दुसरी गाडीच नाही तिथं मागून येणार कोण?

गाडीचं नाव तिनं मोठ्या हौसेनं 'कर्दमयान' ठेवलं होतं. उद्यमनगरातल्या आदर्शनं चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "खेकडा हाय की ह्यो!" झालं. त्या दिवसापासून कर्दमयान हे नाव फक्त कागदावर राहिलं.

आदर्श फॅब्रिकेटर. ट्रॉल्या बांधतो, शेड उभारतो, आणि बोलतो. हातापेक्षा तोंड जरा जास्तच चालतं, पण हातही काही कमी नाही. टिपरचे जुने जॅक आणून त्यानं खेकड्याला पाय बसवले. "ताई, हे पाय उचलायचं खूळ काढून टाका, सहा चाकं बास झाली," असं तो रोज सांगायचा आणि दानेश्वरी रोज त्याला तिसरा प्रश्न ऐकवायची. शेवटी शेजारच्या लेथवाल्यालासुद्धा तो प्रश्न पाठ झाला.

एवढ्यात मुंबईहून प्रियदर्शनीचा फोन आला. प्रियदर्शनी म्हणजे मालिकेची निर्माती. तिचा आवाज शांत, आणि शांत आवाजाच्या माणसाला राजवर्धन फार घाबरायचा. तिचं म्हणणं एकच होतं. गाडी कॉम्प्युटरवर करून घेऊ. तिकडची गाडी बंद पडत नाही, गंजत नाही, वेळेवर हजर असते. मग खरी कशाला?

राजवर्धननं बरीच रदबदली केली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी येते. माझ्यासमोर तुमची गाडी गाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आली पाहिजे. कुणी ढकलायचं नाही, कुणी ओढायचं नाही. आली तर मालिकेत हीच गाडी. नाही आली तर विषय संपला."

दानेश्वरीनं हे ऐकलं आणि ती खेकड्यासमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिची गाडी जमिनीवर उभी राहात होती. ती भंगारात जाऊन तिच्या जागी परत चित्रच पळणार असेल, तर मग एवढं सगळं कशासाठी?

गाडीला अजून इंजिन नव्हतं. ते आदर्शनं शोधलं. गंगावेशीत सयाजी गवळ्याची जुनी बुलेट विकायला होती.

आता इथं कोल्हापूरच्या बाहेरच्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी आपल्या म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, पाठीवर नक्षी काढतात, गळ्यात माळा घालतात. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर बसून पुढं सुटतो, आणि त्याची म्हैस त्या आवाजामागं पळत सुटते. हाकायला काठी नाही, ओढायला दावं नाही. शेकडो गाड्यांच्या गलक्यातून म्हैस आपल्याच मालकाची गाडी ओळखते. बघायला आख्खं गाव लोटतं.

सयाजीनं बुलेटवरून हात फिरवला. "डॉक्टर म्हणाला, कंबर जाईल. मग पोरीनं बॅटरीची गाडी घेऊन दिली. चांगली हाय. पण आवाजच न्हाय की वो तिला! माझी सुंद्री ह्या बुलेटमागं घोड्यागत पळायची. आता नव्या गाडीवरनं जातो, तर माझ्याकडं ढुंकून बघत न्हाय."

"अरेरे," दानेश्वरी म्हणाली. मनापासून म्हणाली.

"लई वाईट," आदर्श म्हणाला, आणि इंजिन टेम्पोत चढवलं.

एवढं सगळं कानानं ऐकून, डोळ्यानं बघून, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. लहानपणापासून दोघंही दर पाडव्याला म्हशी बघायला पहिल्या रांगेत. कोल्हापूरच्या माणसाला हे इतकं सवयीचं, की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. इंजिन बसलं. आदर्श म्हणाला, "सायलेन्सर घालू काय? लई फटफटतंय." दानेश्वरी म्हणाली, "अजिबात न्हाय. उघड्या नळ्या म्हंजे उघड्या नळ्या. डिझाइनमध्ये तसंच हाय." आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली. डिझाइनच्या बाबतीत तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

चाचणीचा रविवार ठरला. सकाळी निघताना तिनं मल्लाप्पांना विचारलं, "आप्पा, येणार?"

"आज बाजाराचा दिवस," मल्लाप्पा घुंगरं निवडत म्हणाले. "गिऱ्हाईक असतंय. बघतो."

त्यांचं 'बघतो' म्हणजे 'नाही', हे तिला तिशी ओलांडल्यावर तरी कळायला हवंच होतं. ती घंटेला डोकं आपटून बाहेर पडली.

नदीकाठच्या त्या पडीक रानात पुरानं मांडीभर गाळ आणून टाकला होता. वरून सुकल्यासारखा दिसायचा, आत नुसतं लोणी. एका टोकाला खेकडा उभा, दुसऱ्या टोकाला राजवर्धननं लाल झेंडी रोवली होती आणि तिच्याजवळ प्रियदर्शनी गमबूट घालून उभी. झालीच चाचणी चांगली तर तेवढंच चित्रण हाताशी, म्हणून राजवर्धननं कॅमेरे लावून ठेवले होते. पलीकडं नदीत कुणाच्या तरी म्हशी डुंबत होत्या. त्यांच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. नदीत म्हशी नसणार तर काय हत्ती असणार?

"चालवणार कोण?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"मी चालवतो," दानेश्वरी अस्सल कोल्हापुरी पोरीसारखी म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

किक तिच्या उजव्या पायाशी होती. पहिल्या किकला इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्या किकला बुलेटनं असा काही टाहो फोडला की झाडावरचे बगळे उठून गेले. दोन्ही नळ्यांतून काळा धूर निघाला आणि खेकडा हलला. हलला, सरकला, आणि चालायला लागला!

 इतकी वर्षं नुसत्या डोळ्यांनी चालवलेली गाडी आज बुडाखाली धडधडत होती. चाकांखाली गाळ दबत होता, दोन्ही अंगांनी चिखलाच्या चुळा उडत होत्या, खाचखळग्यांत सहाही पाय लवत होते. तिनं ठरवलं होतं अगदी तस्सं. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं आणि ती ओरडलीही, इंजिनच्या आवाजात कुणाला कळणार होतं?

अर्धं रान मागं पडलं. समोर झेंडीजवळची माणसं हात वर करून नाचायला लागली. राजवर्धन तर उड्या मारत होता. कॅमेऱ्यावरचा माणूस स्टुलावर चढला. दानेश्वरीचा ऊर भरून आला. इथली माणसं आनंदसुद्धा भांडल्यासारखा करतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना हलवून दाखवला आणि वेग वाढवला.

तेवढ्यात उजव्या खिडकीत एक डोकं आलं. काळंभोर, चिखलानं माखलेलं, दोन लांब शिंगांचं. खेकड्याच्या बरोबरीनं पळता पळता त्यानं आत बघितलं आणि फुर्रर्र केलं. दानेश्वरीच्या तोंडावर शेंबडाचा शिडकावा झाला.

"अगं आईऽऽ!"

तिनं मान वळवून मागं बघितलं. मागं पाच-सहा म्हशी शेपट्या उभारून, गाळ उधळत खेकड्यावर तुटून पडल्यासारख्या येत होत्या. त्यांच्या मागं सयाजी गवळी, एका हातात लुंगी, दुसऱ्या हातात चप्पल. आणि त्या क्षणी, इतक्या उशिरा, दानेश्वरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाडवा. बुलेट. उघड्या नळ्या. आणि आरसेही नाहीत! मागून येणार कोण, म्हणे!

दचकून तिच्या हातून वेग सुटला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. खेकडा जागच्या जागी बसायला लागला. एक चाक गेलं, दुसरं गेलं, बघता बघता सहाही चाकं निम्मी गाळात. म्हशी थांबल्या. आवाजच थांबला तर पळायचं कुणाच्या मागं? त्या खेकड्याभोवती उभ्या राहून शांतपणे रवंथ करायला लागल्या. खिडकीत डोकावलेल्या सुंद्रीनं नळीजवळ नाक नेऊन वास घेतला, आणि मग मान चाकावर टेकवून डोळे मिटले.

झेंडीजवळचं नाचणं थांबलं होतं. राजवर्धन डोक्याला हात लावून चिखलातच बसला. प्रियदर्शनीनं खिशातून फोन काढला. दानेश्वरीला ते स्पष्ट दिसलं, आणि ती रडायच्या बेताला आली. संपलं. हिनं फोन लावला की खेकडा भंगारात.

आणि मग तिला बांधावर छत्री दिसली. काळी, लाकडी मुठीची, काखेत धरलेली. मल्लाप्पा उभे होते. बाजाराच्या दिवशी, दुकान सोडून. ते हात हलवत नव्हते की काही नाही, नुसते बघत होते.

दानेश्वरीनं बाहीनं तोंड पुसलं. ही अडकणार कुठं? इथंच की! एवढ्यासाठीच तर रोज आदर्शशी भांडलो. मग रडतोय कशाला?

तिनं किक मारली. किक उलटली आणि नडगीवर बसली. तिनं उद्यमनगरात शिकलेली एक शिवी हासडून दुसरी मारली. बुलेट परत गरजली. सुंद्रीनं डोळे उघडले, कान ताठ केले.

"बंद करू नका!" सयाजी लांबून बोंबलत होता. "चालू ऱ्हाऊ द्या! चालू गाडीला सुंद्री धक्का लावायची न्हाय!"

दानेश्वरीनं पहिला दांडा ओढला. टिपरचा जॅक कण्हला. पुढचं डावं चाक गाळातून सुटताना असा आवाज झाला की एक म्हैस दोन पावलं मागं सरली. चाक वर आलं, पुढं गेलं, टेकलं. आता उजवं. मग मधली दोन. शेवटचं चाक काही केल्या निघेना. तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय समोरच्या पत्र्याला लावले आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला. पॉक्! खेकड्यानं एक गचका खाल्ला आणि गाळाच्या वर येऊन उभा राहिला.

बांधाखालून आदर्शचा आवाज आला, "पाय मी बसवल्यात, पाय!" त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

उरलेलं अर्धं रान खेकडा सावकाश चालला. सुंद्री त्याच्या उजव्या अंगाला, बाकीच्या मागं ओळीनं. आता पळापळ नव्हती. आवाज ओळखीचा होता, तो कुठं पळून जात नव्हता, मग घाई कशाची? धुरात आणि चिखलाच्या वाफेत ती सगळी वरात झेंडीपाशी आली, आणि दानेश्वरीनं प्रियदर्शनीच्या गमबुटांपासून हातभर अंतरावर इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं. एका म्हशीनं शेण टाकलं, तेवढाच आवाज.

"कुणी ढकललं न्हाय," दानेश्वरी खिडकीतून म्हणाली.  "कुणी ओढलं न्हाय."

 प्रियदर्शनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडं गेली आणि झालेलं सगळं पहिल्यापासून बघायला लागली. राजवर्धन तिच्यामागं उभा राहून घाम पुसत होता. तिनं परत एकदा बघितलं. मग हसायला लागली. शांत माणूस हसला की कसं हसतो ते त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. तिला डोळे पुसावे लागले.

"राजवर्धन, कर्दमवर प्राणी आहेत का?"

"न्हाईत... म्हणजे, स्क्रिप्टमध्ये नाहीत, मॅडम."

"मग घाल. मी कॉम्प्युटरवर हवी तेवढी जनावरं करून घेईन. पण गाडीवर असा जीव लावून मागं येणारी कुठून आणू?" ती दानेश्वरीकडं वळली. "गाडी राहील. हीच राहील. पण म्हशीही लागतील."

"लागतील म्हंजे?" सयाजी धापा टाकत पोचला होता. "दुधाची वेळ सोडून काय ती बोला!" असं म्हणाला खरा, पण त्याचं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. सुंद्रीच्या मानेवर हात ठेवून तो उभा होता. "माझी बुलेट वळखली गं तू," तो म्हशीला सांगत होता. "बया, बया, वळखलीस की!" आणि भर रानात सगळ्यांसमोर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दानेश्वरी खेकड्यातून खाली उतरली.  मल्लाप्पा बांध उतरून, धोतराचा सोगा वर धरून, गाळातून आले.  आधी खेकड्याभोवती एक फेरी मारली. बाजारात बैल बघतात तसं चाकावर थाप मारली, एका पायाला हात लावून बघितला, नळीवर टिचकी मारली. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"गळा किती हाय?"

 या गाडीची झाडून सगळी मापं दानेश्वरीला पाठ. चाकाची रुंदी झोपेतून उठवून विचारा. पण गळा?

"आप्पा," ती कशीबशी म्हणाली, "खेकडा हाय त्यो. त्याला कुठला गळा?"

"असंल की कुठंतरी. बघूया."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली. म्हणजे सकाळी दुकानातून निघतानाच ती खिशात टाकली होती. दानेश्वरीनं ते बघितलं आणि मग मात्र ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, लपवलं नाही.

"रडू नगंस, दानव्वा. टोक धर," मल्लाप्पा म्हणाले.

तिनं टोक धरलं. बापलेकीनं सुतळी चाकाला लावून बघितली, खोलीला लावून बघितली, मल्लाप्पांना काही पटेना. शेवटी दोन्ही नळ्या जिथून वर निघतात तिथं त्यांनी सुतळी गुंडाळली, चार पावलं मागं सरून मान कलती करून बघितलं. बैलांचं माप घ्यायची सुतळी होती, पुरली नाही. उरलेल्या भागाला त्यांनी स्वतःचा रुमाल जोडला.

"हां. हितं आपली दिसती," ते म्हणाले. "घुंगरं मोठी घालायला पायजेत. चिखलात बारीक वाजत न्हाईत."

"पण साउंड रेकॉर्डिंगला..." राजवर्धननं तोंड उघडलं. प्रियदर्शनीनं त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला नेलं.

मालिकेत तुम्ही कधी कर्दम ग्रह बघितलात, तर त्या गाडीच्या शिंगांखाली लाल-पिवळा गोंडा आणि घुंगुरमाळ दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरी माडीवर कामाला बसली. बर्फाच्या ग्रहावरची गाडी हवी होती कुणाला तरी. तिनं नवं पान उघडलं. जाणार कुठं, बसणार कोण, अडकणार कुठं, हे सगळं बाजूला राहू दिलं आणि आधी गळा काढला. चांगला ठळक, गोंडा बसेल असा. शेजारी त्याचं मापही लिहिलं.

खाली गिऱ्हाइकाच्या डोक्याला लागून घंटा वाजली.

"गळा किती हाय?" आप्पांचा आवाज आला.

"अकरा फूट, आप्पा!" दानेश्वरीनं माडीवरनं ओरडून सांगितलं.

खालचा गडी चांगलाच गोंधळला. एवढ्या गळ्याचा बैल त्याच्याकडं नव्हता.